चौदा नंबरचा खिळा

“हँडल मोकळं ठेवा, बाकी माझ्यावर सोडा.”

हे म्हणताना त्यांचा उजवा हात पुढे आलेला असायचा. तळवा वर, बोटं जराशी दुमडलेली, तीर्थ घेताना करतो तशी. समोरच्याने त्या तळव्यावर गाडीची किल्ली ठेवायची. ठेवली की डाव्या हाताने ते पितळेचा एक बिल्ला द्यायचे. बिल्ल्यावर नंबर असायचा. त्याच नंबरच्या खिळ्यावर ते किल्ली अडकवायचे आणि पाहुणा निश्चिंत होऊन अक्षता टाकायला जायचा.

पुण्यात दुचाकीवरून लग्नाला गेला असाल तर असा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. फाटकातून आत शिरलो की शिट्टी वाजवत आडवा येतो, इकडे घ्या, तिकडे घ्या म्हणतो. आपण त्याच्याकडे नीट बघत नाही, कारण मुहूर्त गाठायचा असतो. मी त्यांच्याकडे सोळा वर्षं बघितलं. सिंहगड रस्त्यापासून आत, धायरीच्या अलीकडे एक मंगल कार्यालय आहे. तिथे मी व्यवस्थापक होतो आणि ते दुचाकींचं पार्किंग सांभाळत. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही मामाच म्हणायचो. ते मला साहेब म्हणत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या घरून तसं सांगितलेलं आहे, ते का ते पुढे येईल.

एक गोष्ट मी पाच वर्षं कुणाला सांगितली नाही. ती सांगायची म्हणून लिहायला बसलो आहे. पण मामा कसे होते हे आधी कळायला हवं. नाहीतर पुढची गोष्ट नुसती एका चोरीची गोष्ट होईल.

पार्किंगच्या मधोमध एक लोखंडी खांब होता, त्यावर पत्र्याची छत्री. खांबाला एक फळी टांगलेली होती. हिरव्या रंगाची, तिच्यावर एकशे वीस खिळे, प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात नंबर. ती फळी मामांनी स्वतः केली होती. गाड्या पाच-पाच रांगांत एकमेकींना चिकटून लागायच्या. आतली गाडी काढायची तर बाहेरच्या चार हलवाव्या लागत, म्हणून किल्ल्या ताब्यात घ्यायची पद्धत. मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात असले तरी मामा दर मिनिटाला मान वळवून फळीकडे बघत. रिकामा खिळा त्यांना लांबून दिसायचा. “फळी भरलेली दिसली की गाड्या जाग्यावर,” असा त्यांचा हिशेब होता, आणि तो कधी चुकला नव्हता.

त्या जागेवर पूर्वी त्यांच्या भावकीचं शेत होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कार्यालयाच्या मालकांकडून कळलं. जमीन विकली तेव्हा घरातल्या एकाला कार्यालयात नोकरी द्यायची असं ठरलं होतं, ते हे एक. मी एकदा विचारलं, “मामा, इथे काय पिकायचं हो?” एक जड गाडी मांडीवर तोलून रांगेत बसवत ते म्हणाले, “हरभरा. आता गाड्या येत्यात. पाणी द्यावं लागत न्हाई.”

रांगा मात्र पेरल्यासारख्या सरळ असायच्या.

किल्ली देताना लोक कुरकुरायचे. पुण्यातले लोक, त्यातून सदाशिव पेठेकडचे असले म्हणजे विचारूच नका. एकदा नवरदेवाचे काका म्हणाले, “अहो, किल्ली काय म्हणून द्यायची? दान करायला आलोय का मी?”

मामांचा हात तसाच पुढे. “दान आत चाललंय. हितं नुसती ठेव हाय.”

काकांनी किल्ली दिली. जाताना मात्र ऐकवून गेले, “रेघ उमटली तर भरून घेईन.” मामा म्हणाले, “आधीच्या चार हायत, त्या मोजून जावा म्हंजे पाचवी ओळखू येईल.”

उन्हाळ्यातल्या लग्नांत ते एक ओलं फडकं खांद्यावर ठेवायचे. जेवणं उरकून लोक निघायला लागले की ज्या गाडीमागे भारी साडीतली बाई बसणार असेल तिची सीट ते आधी पुसून गार करत. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. मामाही बोलत नसत. बाई बसली की फडकं पुन्हा खांद्यावर.

आणि लग्नातून रुसून निघालेल्या माणसाची किल्ली त्यांना कधीच सापडायची नाही. हे मी खूप उशिरा ओळखलं. मानपानावरून कुणी तरातरा बाहेर यायचा, बिल्ला आपटायचा. मामा फळीसमोर उभे राहून खालपासून वरपर्यंत खिळे वाचत बसायचे. “साठ… साठ म्हणालात न्हवं? का सहा?” तोवर आतून कुणीतरी धावत यायचं, हात धरायचं, समजूत काढायचं. समजूत पटली की किल्ली सापडायची. पटली नाही तरीही सापडायची, पण पाच-सात मिनिटांनी. मी त्यांना म्हटलं, “मामा, तुम्ही पार्किंग सांभाळता का सोयरीक?” ते म्हणाले, “किल्ली हातात असली की दोन्ही सांभाळता येतं.”

मग बिनकिल्लीच्या मोटरसायकली यायला लागल्या.

पहिली घेऊन आला तो विश्रांतवाडीचा एक तरुण, आयटीतला. मामांचा हात पुढे गेला. त्याने त्यावर एक काळी, गुळगुळीत वस्तू ठेवली. मामांनी ती उलटीपालटी करून बघितली.

“ही काय साबणाची वडी?”

“मामा, रिमोट आहे तो. कीलेस गाडी आहे. किल्लीच नाही.”

“हिला दात न्हाईत.”

“लागतच नाहीत. खिशात असली की गाडीला कळतं. खटका फिरवायचा, बटण दाबायचं, स्टार्ट.”

तो मुलगा खुशीत होता, त्याने सगळं सांगितलं. पावसात रेनकोट वर करून खिसे चाचपायला नकोत. गाडीला किल्ली तशीच लटकत ठेवून जायचा प्रश्न नाही. कुलूप ठोकून फोडायला भोकच नाही. अंधाऱ्या पार्किंगमध्ये गाडी सापडेना तर बटण दाबलं की तिचे दिवे लागतात. मामा मन लावून ऐकत होते. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले.

“वडीतला सेल संपला तर?”

“तर थोडा घोळ होतो. पण सहसा संपत नाही.”

“अन् गाडी चालू असताना वडी मागं ऱ्हायली तर?”

“तर गाडी चालू राहते. रस्त्यात मध्येच बंद पडली तर धोका ना, म्हणून. बंद केली की मग परत सुरू होणार नाही.”

“अन् वडी जवळ ऱ्हायली, मालक लांब गेला तर?”

मुलगा हसला. “गाडीला मालक कळत नाही मामा. फक्त रिमोट कळतो.”

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, ह्यात रुसून जायची सोय झाली. रुसवा काढायची न्हाई.”

तो तरुण आत गेल्यावर मामांनी जे केलं ते मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं. त्यांनी ती वडी फळीवर अडकवली आणि पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या त्या गाडीपाशी जाऊन खटका फिरवला. गाडी सुरू झाली. बंद केली. गाडी पाऊलभर मागे ओढली, परत खटका फिरवला. असं करत करत ती पार दुसऱ्या रांगेत गेली. मग हात पुसत ऑफिसात आले.

“साहेब, अडीच पावलं.”

“काय अडीच पावलं?”

“अडीच पावलांपर्यंत गाडी वडीला वळखती. फळीपास्नं पहिली रांग दोन पावलांवर हाय. म्हंजे वडी फळीवर अन् गाडी पहिल्या रांगेत असली तर ती कुणाच्याबी हातानं चालू हुणार. फळीला हात न लावता.”

मी कौतुक केलं. खरंच केलं. ठरवलं की अशा वड्या माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या आणि अशा गाड्या शेवटच्या रांगेत लावायच्या. हे तीन-चार महिने नीट चाललं.

मग एका साखरपुड्याच्या दिवशी मी ऑफिसला कुलूप लावून जेवायला घरी गेलो. घर बिबवेवाडीत, यायला वेळ लागला. तेवढ्यात ज्याचा रिमोट ड्रॉवरमध्ये होता त्या पाहुण्याला निघायचं होतं. त्याला विमानतळावर कुणाला तरी आणायला जायचं होतं. त्याने मालकांना फोन लावला. मालक तिथे येऊन उभे राहिले आणि मी पोचलो तेव्हा चार लोकांसमोर त्यांनी मला विचारलं, “तुम्ही कार्यालय चालवताय का बँकेचं लॉकर?”

मला बासष्टावं लागलं होतं. वर्षअखेरीला मला पुढे ठेवायचं की नाही हे मालकांच्या मनावर होतं. मी मामांना सांगितलं, आजपासून सगळ्या किल्ल्या फळीवर. दात असलेल्या आणि नसलेल्या.

“पण साहेब, अडीच पावलं—”

“मामा, तुम्ही इंजिनीअर कधी झालात?”

पण ते हट्टी होते. बिनकिल्लीच्या गाड्या ते शेवटच्या रांगेतच लावत राहिले. वडी फळीवर, गाडी लांब. माझाही शब्द राहिला आणि त्यांचाही. असं आणखी काही आठवडे गेले.

पुढचं मी सावकाश सांगतो. घाई केली तर मी काहीतरी गाळीन.

लग्न मोठं होतं. नवरीचा मामेभाऊ नवी मोटरसायकल घेऊन आला होता, तीही बिनकिल्लीची. तो फाटकातच मला भेटला. म्हणाला, “काका, मला अक्षता पडल्या पडल्या निघायचंय, गाडी पुढेच राहू दे.” मी हो म्हटलं. मामा गाडी मागे न्यायला लागले तेव्हा मी ऑफिसच्या पायरीवरून हाक मारली, “मामा, ती पहिल्या रांगेतच राहू द्या.”

मामा गाडी तशीच धरून उभे राहिले. मग ती पहिल्या रांगेत लावून वडी घेऊन माझ्याकडे आले. “मग ही तेवढी ड्रॉवरमध्ये ठेवा.”

आचारी माझ्यासमोर उभा होता, मालक यायची वेळ झाली होती. त्यांच्या हातातून ती वडी घेतली, चालत खांबापाशी गेलो आणि चौदा नंबरच्या खिळ्याला अडकवली. मी स्वतः. मागे वळून म्हणालो, “आता इथून हलवायची नाही.”

मामा म्हणाले, “बरं.”

अक्षतांच्या वेळी मैदानात कुणी नसतं. बँडवाल्यांचा टेम्पो मागच्या कोपऱ्यात अडकला होता, तो काढायला मामा गेले. एक गाडी सुरू झाल्याचा आवाज त्यांनी ऐकला. त्यांनी मान वळवली आणि फळीकडे बघितलं. फळी भरलेली होती. एकही खिळा रिकामा नव्हता. म्हणून ते पुन्हा टेम्पोकडे वळले.

एवढी त्यांची चूक. सोळा वर्षं जे बघायचे तेच त्यांनी बघितलं.

फाटकावर कॅमेरा होता. त्यात फेटा बांधलेला एक माणूस मोटरसायकलवरून बाहेर जाताना दिसला. लग्नात फेटा बांधलेले पन्नास लोक होते. तोंडाला रुमाल होता. पार्किंगवर कॅमेरा नव्हता, कारण तिथे मामा होते.

मामेभाऊ आला, बिल्ला दिला. वडी खिळ्यावर होती, गाडी नव्हती. मामा टेम्पोपाशी असताना उशिरा आलेल्या कुणीतरी तिच्या जागी आपली गाडी घुसवली होती. थोड्या वेळाने मालक आले, चौकीतून एक हवालदार आले. आम्ही सगळे त्या खांबाभोवती उभे होतो. आत जेवणाच्या पंगती बसल्या होत्या, जिलबीचा वास येत होता.

मामेभाऊ हुशार होता. म्हणाला, “रिमोट जवळ असल्याशिवाय ती सुरू होत नाही. गाडी नक्की कुठे उभी होती?”

मालकांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “शेवटच्या रांगेत. तुम्हाला पुढे ठेवतो म्हणालो होतो खरं, पण बिनकिल्लीच्या गाड्या आम्ही लांबच लावतो.”

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. नोकरीचा विचार त्या क्षणी मनात होता असंही म्हणवत नाही. ते तोंडातून निघालं आणि निघाल्यावर ते माझं झालं. आत्ता लिहितानाही मला काही वाटत नाही. पाय बधिर झाल्यावर टोचून बघावं तसं मी स्वतःला बरेचदा टोचून बघितलं आहे.

हवालदार म्हणाले, “म्हणजे कुणीतरी इथून रिमोट नेला, गाडी चालू केली आणि रिमोट परत आणून अडकवला. हे कोण करू शकतं?”

सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

मामा म्हणाले, “गाडी पहिल्या रांगेत हुती. हितं.” त्यांनी पायाने जागा दाखवली. “साहेबांना विचारा. त्यांना ठाऊक हाय.”

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत म्हणालो, “मामांची काहीतरी गफलत होतेय.”

ते त्यावर काही बोलले नाहीत. अडीच पावलांचं बोलले असते तर कदाचित मामेभावाने तिथल्या तिथे करून बघितलं असतं. पण ती गाडीच नव्हती, करून बघणार कशावर? आणि साहेबांनी एकदा सांगितल्यावर पुढे बोलायची त्यांची पद्धत नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांना चौकीत बसवून ठेवलं. त्यांच्याविरुद्ध काही मिळालं नाही, सोडून दिलं. मालकांनी मात्र त्यांना कामावरून काढलं. धायरीत ही बातमी त्यांच्या आधी पोचली. गाडी पुढे सापडली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मला मालकांनी आणखी तीन वर्षं ठेवलं. पार्किंगला एजन्सीची माणसं आली, टीशर्ट घातलेली. किल्ल्या घ्यायची पद्धत बंद झाली. रुसलेले लोक थेट जायला लागले.

गेल्या दिवाळीत जावयाने माझी जुनी मोटरसायकल काढून टाकायला लावली. माझ्या अंगठ्याचा सांधा गेला आहे, किल्ली फिरवताना कळ यायची. “बाबा, बिनकिल्लीची घ्या,” तो म्हणाला, “खिशात ठेवायची आणि बसायचं.” मी नको म्हणायला काही कारण देऊ शकलो नाही. गाडी आली. सोयीची आहे, हे खोटं बोलता येणार नाही. अंगठा दुखत नाही, पावसात तारांबळ होत नाही. आम्ही तळमजल्यावर राहतो. दाराशेजारी किल्ल्यांची पट्टी आहे, तिच्यापलीकडे भिंत आणि भिंतीला लागून गाडी. पहिल्या दिवशी मी रिमोट त्या पट्टीला अडकवला. मग बाहेर जाऊन खटका फिरवला. गाडी सुरू झाली.

तेव्हापासून मी रिमोट स्वयंपाकघरात, पार आतल्या फडताळात, एका स्टीलच्या डब्यात ठेवतो. बायको म्हणते, “अहो, तो काय लाडू आहे का?” मी तिला अडीच पावलांचं सांगितलं. पुढचंही तेव्हाच सांगितलं. तिने फडताळाचं दार लावलं. मग म्हणाली, “ह्यात मला काय सांगताय? धायरीला जा.”

मी त्याच गाडीवरून गेलो. मामांचं घर आता चहूबाजूंनी इमारतींच्या मध्ये आलं आहे. दारात मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. मामा आठ महिन्यांपूर्वी गेले, हे मला तिथे कळलं. भिंतीवर फोटो होता. फोटोतही खांद्यावर फडकं होतं.

मामींनी चहा ठेवला. मी बसून सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. त्यांनी ऐकता ऐकता तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाल्या, “मला ठाऊक हाय. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं हुतं.”

“मग ते पुन्हा मालकांकडे का गेले नाहीत?”

“जाऊन काय करणार? तुमी न्हाई म्हणला हुता.”

मी कपाकडे बघत बसलो.

“त्या दिसापास्नं त्यांनी किल्लीला हात लावला न्हाई,” मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचं सांगावं तसा. “घराला कुलूप लावायचं झालं तरी मला म्हणायचे, तू लाव. लेकानं गाडी घेतली तर तिची किल्ली कधी उचलून दिली न्हाई. शेजारची बाई म्हणायची, मामा, एवढी चावी ठेवा, पोरगी येईल. तर उठून आत जायचे.”

मी म्हणालो, “मामी, मी काय करू ते सांगा.”

“मला सांगून काय हुतंय साहेब? जिथं बोलला तिथं सांगा.” मग त्यांनी कप उचलले. “अन् कुटं लिवलंत तर नाव नका घालू. लई लोकांच्या तोंडात ऱ्हायलं ते. आता पुरे.”

मी कार्यालयात गेलो. मालक आता येत नाहीत, मुलगा बघतो. त्याने मला खुर्ची दिली, सरबत मागवलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “काका, तुम्ही कशाला मनाला लावून घेताय? आता कोण विचारतंय?” मी सांगितलं तसं कागदावर लिहून, सही करून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने त्यावर पेपरवेट ठेवला. येताना मागे भांडी घासायच्या जागेपाशी ती हिरवी फळी दिसली. आचाऱ्याची माणसं तिच्या खिळ्यांवर ओली फडकी वाळत घालतात.

तिथून चौकीत गेलो. तिथल्या बाईंनी आदराने विचारलं, “आजोबा, तक्रारीत त्यांचं नाव होतं का?” नव्हतं. गुन्हा गाडीच्या चोरीचा होता, अनोळखी इसमावर. मामांचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. “मग दुरुस्त काय करायचं?” बाई म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. मामांवर कुणी काही लिहिलं नाही, लोक नुसते बोलले. बोलण्याची सुरुवात माझ्यापासून झाली. म्हणून मी इथे लिहून ठेवतो: गाडी पहिल्या रांगेत होती. मी ठेवायला लावली होती. रिमोट चौदा नंबरच्या खिळ्यावर होता. मी अडकवला होता. मामांनी दोन्ही वेळा मला थांबवलं होतं. त्या लग्नाला आलेलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी घरी जाऊन एवढं सांगावं.

एक गोष्ट राहिली. ती मी मामींनाही सांगितली नाही.

चौकीतून सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा बिल्ले परत करायला आले होते. सुतळीत ओवून आणले होते, एक ते एकशे वीस. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “पुरे हायत. बघून घ्या.” मी म्हणालो, “बघून घेतो.” ते बाहेर पडले.

मी खिडकीतून बघत होतो. मैदान रिकामं होतं, नुसती माझी जुनी मोटरसायकल उभी होती, खांबापाशी, जरा वाकडी. सोळा वर्षांत मी तिथे तिचं हँडल कधी लॉक केलं नव्हतं. लोकांना नियम सांगायचा म्हणून मी स्वतः तो पाळायचो. मामा तिच्याजवळून जाताना थांबले आणि सवयीने तिला सरळ करायला त्यांनी हँडल धरलं.

हँडल फिरलं नाही.

त्यांनी एकदाच ओढून बघितलं. मग हात काढला, खांद्यावरच्या फडक्याला पुसला, आणि फाटकातून बाहेर गेले.